जहाज मायामीला परत येतं, तुमचं काय?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका न्यू जर्सीत राहतात. सांगलीहून त्यांचे सासूसासरे पाच महिन्यांसाठी आले आहेत. सासरे ७१ वर्षांचे, मधुमेही, रोज इन्सुलिन घेणारे, प्रोस्टेटचाही त्रास. सासूबाई ६६ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पक्क्या शाकाहारी, एकादशी-चतुर्थी पाळणाऱ्या. मुलं ११ आणि ४ वर्षांची, दोन्ही अमेरिकेत जन्मलेली. नवऱ्याच्या मनात रॉयल कॅरिबियन कंपनीचं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे क्रूझ जहाज भरलं आहे: ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मायामीहून सात रात्री, पूर्व कॅरिबियन, सहा जणांसाठी दोन आतल्या खोल्या. त्यांचं म्हणणं, एवढं मोठं जहाज, प्रत्येकाला काहीतरी मिळेलच. आईबाबा मुलांकडे बघतील, आपल्यालाही जरा मोकळा वेळ मिळेल. पत्रलेखिकेला वाटतं, सासूसासरे खोलीत बसून राहतील, जेवणाचे हाल होतील आणि एवढे पैसे घालून शेवटी बोल आपल्यालाच लागेल. हो म्हणावं की नाही? जाता जाता एक ओळ आहे: नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, त्या एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, पासपोर्टवरचा व्हिसा गेल्या वर्षी संपला, पण मुदतवाढ मंजूर आहे, ‘आणि जहाज मायामीलाच परत येतं, त्यामुळे तो प्रश्न नाही.’

तुम्ही सगळं पत्र सासूबाईंच्या गुडघ्यांवर आणि जेवणावर लिहिलंत. उत्तर मात्र त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करायला हवं, कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

जहाज मायामीहून सुटून मायामीला परत येतं, हे खरं. पण मध्ये ते सेंट मार्टिनला आणि कंपनीच्या कोकोके बेटाला थांबतं. कोकोके कंपनीचं म्हणून ओळखलं जात असलं तरी ते बहामात आहे. म्हणजे तुम्ही देश सोडता आणि परत येताना नव्याने प्रवेश मागता, त्यासाठी पासपोर्टवर वैध व्हिसा लागतो. मुदतवाढीचा आय-७९७ कागद अमेरिकेत राहण्याची आणि काम करण्याची परवानगी देतो. तो व्हिसा नव्हे. मायामीहून मायामीपर्यंतच्या फेरीला नुसता जन्मदाखला चालतो, असं तुम्ही कुठे वाचलं असेल तर ती सोय अमेरिकन नागरिकांसाठी आहे. म्हणजे तुमच्या घरात फक्त दोन मुलांसाठी. त्यांचेही पासपोर्टच न्यावेत. बेटावरून अचानक विमानाने परतायची वेळ आली तर जन्मदाखल्यावर विमानात घेत नाहीत.

‘व्हिसा संपला तरी तीस दिवसांत परत आलं तर चालतं’ हेही तुमच्या कानावर आलं असेल. असा नियम आहे, पण त्यात एक मेख आहे. एच व्हिसावाल्यांना ही सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिको या लागून असलेल्या देशांपुरती मिळते. कॅरिबियन बेटांपर्यंत ती एफ आणि जे व्हिसावाल्यांना, म्हणजे विद्यार्थी आणि एक्सचेंजवाल्यांना मिळते. त्यामुळे मित्राचा शिकणारा भाऊ बहामाला जाऊन सुखरूप आला, म्हणून तुम्हीही याल असं नाही. नवऱ्याने बाहेरच्या वकिलातीत नव्या व्हिसाचा अर्ज करून ठेवला असेल तर मेक्सिकोपुरती सवलतही उरत नाही.

मग फक्त मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला जाणारी छोटी फेरी घ्यावी का? कागदोपत्री ती नियमात बसू शकते. पण दोन ठिकाणी अडतं. एक, बंदरावर कागद तपासणारा माणूस कंपनीचा असतो. त्याला संपलेला व्हिसा दिसतो, सवलतीचा नियम त्याला ठाऊक असेलच असं नाही, आणि त्याने जहाजावर घेतलं नाही तर पैसे परत मिळण्याची आशा ठेवू नये. दुसरं, वादळामुळे कप्तानाने कोझुमेल सोडून बहामाची वाट धरली की तुमची सवलत समुद्रातच संपली. शिवाय मेक्सिको भारतीय पासपोर्टवर विनाव्हिसा घेतं ते वैध अमेरिकन व्हिसा बघून. तोच संपलेला असेल तर मेक्सिकन वकिलातीला आधी विचारावं लागेल. इमिग्रेशन वकिलाचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत अनामतीचा एक डॉलरही भरू नका.

सासूसासऱ्यांचं त्या मानाने सोपं आहे. त्यांच्या व्हिसावर ‘एंट्रीज’च्या खाली एम छापलेलं आहे का ते बघा, एम म्हणजे अनेकदा प्रवेश. ते असेल आणि व्हिसा चालू असेल तर बहुतेक थांब्यांवर वेगळा व्हिसा लागत नाही, तरी प्रत्येक थांब्याचं कंपनीकडून लेखी घ्या. परत आल्यावर त्यांचा आय-९४, म्हणजे प्रवेशाची सरकारी नोंद, ऑनलाइन उघडून मुक्कामाची तारीख तपासा. अधिकारी उरलेलीच मुदत कायम ठेवू शकतो. फेरीमुळे सहा महिने नव्याने मिळतील या हिशेबावर परतीचं तिकीट पुढे ढकलू नका.

म्हणजे या ऑगस्टपुरतं उत्तर: नाही. आणि ते ‘नाही’ तुमचं नाही, नियमाचं आहे. घरात सांगायला तुम्हाला याचा उपयोग होईल.

पण कॅरिबियन बघायला जहाजच लागतं, हे कोणी ठरवलं? पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग आहे. न्यूअर्कहून सान हुआनला थेट विमान आहे, साधारण चार तास, आणि प्रवास देशांतर्गत. जुन्या शहराच्या दगडी गल्ल्या, समुद्राच्या तोंडावरचा एल मोरो किल्ला, तासाभराच्या अंतरावर एल युंके हे पर्जन्यवन. सिंधुदुर्ग-विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला एल मोरोच्या तटावर उभं राहून समुद्राकडे बघायला सांगावं लागत नाही. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं की एकादशीचा प्रश्नही मिटला. फक्त तिथून पुढे परदेशी बेटावर जाणारी बोट धरू नका.

जहाजच हवं असेल तर एक जागा आहे, हवाई. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकन बंदरांमधून प्रवासी फिरवता येत नाहीत, आणि ही मोठी जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा अशा परदेशी झेंड्यांखाली असतात. म्हणून प्रत्येक फेरीत एखादं परदेशी बंदर असतंच. ‘प्राइड ऑफ अमेरिका’ मात्र अमेरिकन झेंड्याचं आहे; होनोलुलूहून निघून सात रात्री हवाईच्याच बेटांमध्ये फिरतं, त्यामुळे देश सोडावा लागत नाही. पण न्यूअर्कहून होनोलुलू म्हणजे अकरा तास विमान, आणि कोना बंदरात जहाज धक्क्याला न लागता लाँचने किनाऱ्यावर जावं लागतं. नुकत्याच मुंबईहून एवढा प्रवास करून आलेल्या गुडघ्यांना मी हे सुचवणार नाही.

व्हिसाचं काम भारतात जाऊन झालं की कॅरिबियनचा विचार पुन्हा करा. पुढचं सगळं त्या वेळेसाठी, आणि ज्यांचे कागद आजच पक्के आहेत अशा वाचकांसाठी.

तुमच्या नवऱ्याचं गृहीतक असं की जहाज जितकं मोठं तितकी सोय जास्त. मुलांच्या बाबतीत ते बरोबर आहे. आयकॉनवर सहा घसरगुंड्यांचं वॉटरपार्क आहे, सात पोहण्याचे तलाव आहेत. अकरा वर्षांचं मूल आठवडाभर तुमच्याकडे फिरकणार नाही. पण जहाजाची लांबी ३६५ मीटर आहे, मजले २०, आणि खचाखच भरलं तर ७,६०० प्रवासी. खोली पुढच्या टोकाला आणि जेवणाचा हॉल मागच्या बाजूला असला तर नुसतं जेवून यायचं म्हणजे अर्धा किलोमीटर चाल. दिवसातून तीनदा. त्यात पहिल्या दुपारी आणि नाटक सुटल्यावर लिफ्टसमोर रांगा. कंपनीची व्हीलचेअर सहसा चढताना आणि उतरताना मिळते. रोज हवी तर आधी भाड्याने ठरवावी लागते. याउलट याच कंपनीची रेडियन्स वर्गातली जुनी जहाजं सुमारे ९० हजार टनांची, दोन-सव्वादोन हजार प्रवाशांची. तिथे चालणं कमी, गर्दी कमी, वेटर दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारतो. पण लाटांवर ती जास्त हलतात आणि मुलांना ‘बस एवढंच?’ वाटू शकतं. घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला झेपेल असं जहाज निवडावं, हे माझं मत. मुलं कुठल्याही जहाजावर रमतात.

आणि ‘आईबाबा मुलांकडे बघतील’ याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. चार वर्षांचं मूल पाण्याकाठी सांभाळायला धावता येणारा माणूस लागतो. दुखऱ्या गुडघ्यांच्या आजीकडे ते काम देणं आजीवरही अन्याय आणि मुलासाठी धोका. मुलांचा क्लब तीन वर्षांपुढच्या, शी-शू सांगणाऱ्या मुलांना घेतो, आणि दिवसा त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मोकळा वेळ तिथून काढा. सासूसासऱ्यांशी तुम्ही दोघं याबद्दल बोललात का, हे पत्रात कुठेच नाही. ‘त्यांना आवडणार नाही’ हे तुमचं, ‘त्यांना आवडेल’ हे नवऱ्याचं. त्यांना ‘क्रूझला जायचं का?’ असं विचारलंत तर ‘तुम्ही म्हणाल तसं’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा ठोस विचारा: चार दिवस की सात? रोज उतरून फिरायचं की खुर्चीत बसून समुद्र बघायचा? रात्रीचं जेवण साडेपाचला चालेल का?

बसून समुद्र बघायचा असेल तर आतली, बिनखिडकीची खोली त्यांना देऊ नका. तिथे सकाळ की रात्र कळत नाही. रात्री दोनदा उठणारा माणूस अंधारात धडपडतो. बाल्कनी त्यांना द्या, आतली खोली तुम्ही चौघं घ्या. खोलीचा नंबर बुकिंगच्या वेळीच निवडा. ‘नंबर कंपनी ठरवेल’ या स्वस्त दरात टोकाची खोली वाट्याला येऊ शकते. लांबीच्या मधोमध, लिफ्टपासून चार-पाच दारांवर, आणि वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांवर खोल्याच असतील अशी. तलावाच्या खालची घेतलीत तर पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज. न्हाणीघराला बहुधा उंबरठा असतो, शॉवर अगदी अरुंद, आणि जेट स्प्रे नसतो. प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. चालायला फारच त्रास असेल तर अपंगांसाठीची, बिनउंबरठ्याची खोली मागा. अशा खोल्या मोजक्याच असतात आणि लवकर जातात.

बोट लागेल का? मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचे हेलकावे कमी करतात, पुढून-मागून होणारी उचल थांबवत नाहीत. ती दोन टोकांना जास्त जाणवते, म्हणून मधोमधची खोली. गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, तासभर आधी घ्यावी लागते. मात्र तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत थांबा. अमेरिकेत मिळणारी मेक्लिझिन, आपल्याकडून लोक आणतात ती अव्होमिन, आणि सगळ्यांत जास्त कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी, या सगळ्यांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. काचबिंदूवाल्यांनाही ही औषधं जपूनच. झोपाळूपणा येतो, पाय घसरतो. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. आल्याची वडी, कोरडी बिस्किटं, आणि बाल्कनीत क्षितिजाकडे नजर, यावर बरंच निभावतं.

जेवणाची तुम्ही जितकी धास्ती घेतली आहे तितकी गरज नाही. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही कंपन्यांच्या मुख्य जेवणघरात भारतीय शाकाहारी जेवण मिळतं. बुकिंग झाल्याबरोबर कळवा. जैन किंवा बिनकांदा-लसणाचं हवं असेल तर निदान दीड-दोन महिने आधी लेखी. पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून उद्याचं आज सांगायची पद्धत ठेवा: उद्या वरण-भात, एक भाजी, कांदा-लसूण नको. पथ्याचं जेवण आयत्या वेळी मागितलं तर पनीर आणि पुन्हा पनीर येतं. स्वयंपाकघरात आणि वाढपात भारतीय पुष्कळ असतात, गोव्याचे तारवटी तर पिढ्यान्‌पिढ्या. मराठीत बोलून बघायला हरकत नाही. खरी फसगत बुफेत होते. भातात चिकनचं पाणी, राजम्यात बेकनचे तुकडे, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासा, जेलीत जिलेटिन. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच विचारू नका; सूप कशाच्या पाण्यात केलं ते विचारा.

घरच्या चकल्या-लाडू बंदरावर काढून घेऊ शकतात. कारखान्यात सीलबंद केलेली राजगिरा चिक्की, खाकरे, साखरविरहित बिस्किटं सहसा चालतात. उपवासासाठी फळं, दही, उकडलेले बटाटे, दाणे जहाजावरच मिळतात. इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड यांपैकी काहीही नेऊ नका, जप्त होतं आणि शेवटच्या दिवशी परत मिळतं. जहाजावरून फळ किंवा सँडविच घेऊन बेटावर उतरू नका; दंड होऊ शकतो.

इन्सुलिनचं नीट ऐका. बंदरावर हमालाकडे दिलेली बॅग खोलीच्या दाराशी कधी कधी संध्याकाळी येते, म्हणून औषधं, सुया, ग्लुकोमीटर हातातल्या पिशवीतच. खोलीतला छोटा फ्रीज पेयं गार ठेवण्यापुरता असतो, त्याच्या तापमानाचा भरवसा धरू नका. कंपनीकडे आधीच औषधाचा फ्रीज आणि सुयांचा डबा मागा, दोन्ही मिळतात. किनाऱ्यावर इन्सुलिन उन्हातल्या पिशवीत ठेवलं तर ते निकामी होतं आणि दिसायला तसंच दिसतं. मधुमेह्याने तापलेल्या वाळूवर अनवाणी चालू नये. तळव्यांची संवेदना कमी असेल तर भाजलेलं संध्याकाळी मोजे काढल्यावर कळतं. खिशात साखरेच्या पुड्या असू द्या.

जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतो, आणि बिल डॉलरमध्ये थेट तुमच्या खात्यावर चढतं. सासूसासऱ्यांचा व्हिजिटर विमा काढलाच असेल. त्यात दोन गोष्टी शोधा. पहिली, अमेरिकेबाहेर आणि जहाजावर तो लागू आहे का. दुसरी, आधीपासूनच्या आजाराचं काय. पुष्कळ पॉलिसी फक्त ‘अचानक बळावलेला’ आजार घेतात आणि तोही वयाच्या मर्यादेत. बेटावरून हवाई रुग्णवाहिकेने हलवण्याचा खर्च ज्यात नाही असा विमा या प्रवासाला निरुपयोगी. पोटाच्या साथीसाठी साबण-पाणीच हवं. सॅनिटायझरने नोरोव्हायरस नीट मरत नाही.

ऑगस्टच्या शेवटी फेरी स्वस्त का, तर चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि त्याचं शिखर १० सप्टेंबरच्या आसपास. २०१७ च्या ६ सप्टेंबरला इर्मा सेंट मार्टिनवर आदळलं, २०१९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला डोरियन बहामावर. जहाज वादळात शिरत नाही, ते वाट बदलतं. पण करारानुसार कंपनी कुठलंही बंदर वगळू शकते. परत मिळतं ते फार तर त्या बंदराचं शुल्क. म्हणून बेटांसाठी जाणाऱ्याने जानेवारी ते एप्रिल बघावं. विमा घ्यायचा तर वादळाला नाव पडण्याआधी. नंतर घेतलेला त्या वादळाला चालत नाही. पोर्तो रिकोलाही हेच लागू आहे, तेव्हा तिकीट बदलता येण्याजोगं काढा.

खर्चाबद्दल थोडक्यात. जाहिरातीतल्या भाड्यावर बंदराचे कर आणि टिप चढतात. टिप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर, लहान मुलांचीसुद्धा. सहा जण, सात दिवस, १८ डॉलर धरले तरी ७५६. इंटरनेट, सोडा, खास रेस्टॉरंट यांचे पैसे वेगळे. साधं पाणी, चहा-कॉफी, मुख्य जेवणघर आणि बुफे भाड्यात येतं, तेवढ्यावर आठवडा उत्तम जातो. जहाज सुटल्या क्षणापासून फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाचं नेटवर्क आपोआप पकडून भलतंच बिल येतं. मायामीला आदल्या दिवशीच पोहोचा. परतीचं विमान दुपारी बारानंतरचं घ्या, त्यातही एक-दोनचं बरं.

बंदरावर उतरल्यावर घड्याळ जहाजाचं बघायचं, फोनचं नाही. नोव्हेंबर ते मार्च सेंट मार्टिन आणि सेंट थॉमस ही बेटं मायामीच्या एक तास पुढे असतात, उन्हाळ्यात जुळतात. कोझुमेलचं उलटं: हिवाळ्यात जुळतं, उन्हाळ्यात एक तास मागे. जहाजाने मायामीची वेळ बदलली नाही आणि फोनने मात्र स्वतःहून बदलली, की साडेतीन वाजलेत असं समजून तुम्ही बाजारात रेंगाळता तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतात. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज वाट बघतं. स्वतः टॅक्सी ठरवून गेलेल्यांसाठी थांबत नाही, म्हणून सासूबाई बरोबर असताना परतीची वेळ शेवटच्या वेळेच्या दोन तास आधीची धरा.